माणदेशाच्या जुन्या टोपोशीट: शोधणे, जुळवणे, वाचणे आणि शिवारात पडताळून पाहणे

सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, तसेच सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीच्या वाट्याला सुमारे पाचशे मिलिमीटर येतो. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येने हे वाळवंट नाही. परंतु उंच पठार, उघडे बेसाल्ट, मुरमाड माळ आणि वर्षातील बहुतेक महिने कोरडे असणारे ओढे यांमुळे येथील नकाशा वाचताना कोरड्या प्रदेशाचेच नियम लागू पडतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांवरून, म्हणजेच टोपोशीटवरून, या भूभागाचे पूर्वीचे रूप कसे काढावे, याची पद्धत या लेखात मांडली आहे. पाणलोटाची कामे करणारे कार्यकर्ते, भूगोलाचे विद्यार्थी आणि आपल्या गावाचा इतिहास धुंडाळणारे ग्रामस्थ यांना ती उपयोगी पडावी, असा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट ठरवून घ्यावी. जुन्या नकाशाला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहावे. ‘गावाचा जुना नकाशा हवा’ हा प्रश्न नव्हे. ‘पाझर तलाव होण्यापूर्वी हा ओढा कोठून वाहत होता’ हा प्रश्न आहे. प्रश्न ठरला की कोणत्या काळातील आणि कोणत्या प्रमाणाची शीट लागेल, हे आपोआप ठरते आणि नको त्या कामात वेळ जात नाही.

शीटचा क्रमांक काढणे

भारत आणि शेजारील देशांच्या नकाशामालेत चार अंश लांब आणि चार अंश रुंद अशा चौकटींना क्रमांक दिलेले आहेत. ७२ ते ७६ अंश पूर्व रेखांश आणि १६ ते २० अंश उत्तर अक्षांश यांमधील चौकट ४७ क्रमांकाची आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे तिच्यातच बसतात. या चौकटीचे एकेक अंशाचे सोळा भाग पाडून त्यांना ए ते पी ही इंग्रजी अक्षरे दिली आहेत. ही अक्षरे आडवी नव्हे तर उभी जातात. वायव्य कोपऱ्यात ए, त्याखाली बी, सी, डी आणि मग पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर ई, असा तो क्रम आहे. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते. प्रत्येक अंशाच्या चौकटीचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा भाग होतात आणि त्यांना १ ते १६ हे आकडे त्याच उभ्या क्रमाने दिलेले असतात.

दहिवडीचे उदाहरण घेऊ. तिचे स्थान साधारण १७ अंश ४२ मिनिटे उत्तर आणि ७४ अंश ३३ मिनिटे पूर्व असे आहे. ७४ ते ७५ रेखांश आणि १७ ते १८ अक्षांश ही चौकट म्हणजे ४७ के. रेखांशाची ३३ मिनिटे तिसऱ्या स्तंभात पडतात आणि तो स्तंभ ९ पासून सुरू होतो. अक्षांशाची ४२ मिनिटे वरून दुसऱ्या ओळीत येतात. म्हणून शीट ४७ के/१०. याच रीतीने वडूज ४७ के/६ वर, म्हसवड ४७ के/१४ वर आणि आटपाडी ४७ के/१५ वर येते. जत ७५ अंशांच्या पलीकडे असल्याने तेथे अक्षर बदलते आणि शीट ४७ ओ/४ होते. या अक्षांशावर एक शीट उत्तर-दक्षिण सुमारे २८ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम त्याहून थोडा कमी मुलूख व्यापते, त्यामुळे एका तालुक्यासाठी सहसा तीन-चार शीट लागतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी वेगळी खुली नकाशामाला निघाली. तिचे क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असतात आणि आपल्या भागात ते ‘ई ४३’ या अक्षर-आकड्याने सुरू होतात. ही माला विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते आणि तुलनेसाठी ती हाताशी हवीच. जुन्या शीटसाठी मात्र विद्यापीठांचे भूगोल विभाग, जुनी महाविद्यालयीन ग्रंथालये आणि मुंबई, पुणे व कोल्हापूर येथील पुराभिलेखागारे यांच्याकडे चौकशी करावी. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्करी नकाशासेवेची १९५० च्या दशकातील १:२,५०,००० प्रमाणाची माला सर्वांसाठी खुली केली आहे. ती भारतीय सर्वेक्षणाच्याच शीटवरून संकलित केलेली आहे. मोठ्या नद्या, घाट आणि मुख्य रस्ते यांच्या पहिल्या अंदाजासाठी ती पुरते, पण ओढ्यांच्या कामाला तिचा उपयोग नाही.

समास आधी, नकाशा नंतर

शीट हाती पडताच नजर गावाकडे धावते. ती आवरून आधी चारी बाजूंचे समास वाचावेत. तेथे तीन वेगवेगळी साले असू शकतात: प्रत्यक्ष मोजणीचे, आवृत्तीचे आणि छपाईचे. १९६० च्या दशकात छापलेल्या शीटवरील मोजणी त्याआधी कित्येक वर्षांची असू शकते आणि मधल्या काळात केवळ रस्ते दुरुस्त केलेले असू शकतात. आपल्या कामाला मोजणीचे सालच धरावे. फाइलच्या नावातही तेच साल घालावे.

प्रमाण पाहावे. इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०, ही जुनी पद्धत आहे आणि १:५०,००० ही दशमान पद्धतीची. पहिल्या प्रकारात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, सहसा पन्नास फुटांच्या अंतराने असतात, तर दुसऱ्या प्रकारात आपल्या भागात बहुधा वीस मीटरच्या. दोन काळांच्या शीट शेजारी ठेवून ‘डोंगर सपाट झाला’ असे निष्कर्ष काढणारे हे अंतर पाहतच नाहीत.

साल १९०५ च्या आधीचे असेल तर विशेष काळजी घ्यावी. त्या वर्षीच्या सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर रंगीत, समोच्च रेषांच्या आधुनिक शीटचा काळ सुरू झाला. त्याआधीच्या पुष्कळ शीट एकरंगी असून त्यांत उतार तुटक रेघोट्यांनी दाखवलेला आहे. त्याहून महत्त्वाची बाब रेखांशाची. भारतातील जुने रेखांश मद्रास वेधशाळेच्या स्वीकृत रेखांशावरून मोजले जात आणि तो आकडाच प्रत्यक्षापेक्षा सुमारे अडीच मिनिटांनी अधिक होता. आपल्या अक्षांशावर अडीच मिनिटे म्हणजे चार किलोमीटरांहून अधिक अंतर. अशा जुन्या शीटवरील महिमानगडचा किल्ला आजच्या उपग्रहचित्रावर थेट बसवला, तर तो पूर्वेकडे भलत्याच शिवारात जाऊन पडतो. काही शीटच्या समासात या दुरुस्तीची टीप दिलेली असते. ती नसल्यास रेखांशातून अडीच मिनिटे वजा करून पुढे जावे आणि मग एखाद्या गडाच्या स्थानावरून खात्री करून घ्यावी.

स्कॅन

मोबाइलने काढलेला फोटो वाचण्यापुरता ठीक असतो, जुळवणीला, म्हणजे नकाशावरील बिंदूंना खरे अक्षांश-रेखांश देण्याला, तो चालत नाही. सपाट स्कॅनरवर निदान ४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ४०० बिंदूंनी, स्कॅन करावे. इंचाला मैल या प्रमाणात मग चित्राचा एक बिंदू जमिनीवरील चार मीटरांइतका होतो आणि छापील रेघेच्या जाडीचा विचार करता याहून बारीक जाण्यात फारसा अर्थ नाही. शीट कापडावर तुकडे करून डकवलेली असेल, तर तुकड्यांमधील फटींमुळे अंतरे वाढलेली असतात. अशा वेळी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवावा.

जुळवणी

क्यूजीआयएस ही मोफत संगणकप्रणाली या कामाला पुरेशी आहे. तिच्यातील जिओरेफरन्सर नव्या आवृत्तीत लेयर मेनूत आणि जुन्या आवृत्तीत रास्टर मेनूत सापडतो. पंधरा मिनिटांच्या शीटवर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांशांच्या खुणा असतात, म्हणजे चार गुणिले चार असे सोळा छेदबिंदू मिळतात. हे सोळाही बिंदू वापरावेत. आकडे दशांशात भरताना निदान पाच स्थळे लिहावीत, उदाहरणार्थ ७४ अंश ३५ मिनिटांसाठी ७४.५८३३३.

आता येथे थोडे थांबणे भाग आहे. जुन्या शीटवरील अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचे एक गणिती रूप) आणि कल्याणपूरच्या आरंभबिंदूवर आधारलेले आहेत. मोबाइलवरील आजचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भप्रणालीतील असतात. आपल्या भागात या दोहोंमधील फरक शंभर ते दीडशे मीटर पडतो. त्यामुळे छेदबिंदूंचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ चे समजून भरले, तर सगळी शीट एकसारखी सरकते. वरवर पाहता ती छान बसल्यासारखी दिसते, पण प्रत्येक विहीर शेजारच्या गटात जाते. म्हणून जुळवणी करताना संदर्भप्रणाली ‘कल्याणपूर १९७५’, म्हणजे ईपीएसजी ४१४६ (ईपीएसजी हे संदर्भप्रणालींचे सांकेतिक क्रमांक), निवडावी आणि तयार झालेले चित्र नंतर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरमधील जागतिक प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात, रूपांतरित करावे. सातारा आणि सांगली पूर्णपणे याच पट्ट्यात असल्याने मोजमापे थेट मीटरमध्ये मिळतात.

रूपांतराच्या पर्यायांत द्वितीय घाताची बहुपदी (पॉलिनॉमिअल २) निवडावी. शीटची वरची कड खालच्या कडेपेक्षा किंचित आखूड असते, ती बाब यात सामावली जाते. थिन प्लेट स्प्लाइन हा पर्याय अनेकांना आवडतो, कारण त्यात उरलेली चूक शून्य दिसते. माझ्या मते नेमक्या याच कारणासाठी तो टाळावा. बिंदू भरताना झालेली चूक त्यात झाकली जाते आणि नकाशा स्थानिक पातळीवर ताणला जातो. बहुपदीत एखाद्या बिंदूची चूक इतरांपेक्षा ठळकपणे मोठी दिसली, तर बहुधा आकडा चुकीचा भरलेला असतो किंवा कागद त्या कोपऱ्यात ओढला गेलेला असतो. कागदावर अर्धा मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर सुमारे तीस मीटर, एवढी सरासरी चूक समाधानकारक मानावी.

खात्री मात्र छेदबिंदूंवरून करू नये, जमिनीवरील न हललेल्या वस्तूंवरून करावी. शिखर शिंगणापूरचे मंदिर, वर्धनगड, महिमानगड, खटाव तालुक्यात एकटाच उभा असलेला भूषणगड आणि ब्रिटिश काळातील तलावांच्या भिंती या कामाला उत्तम. गावठाणाचा मध्य किंवा रस्त्यांचा फाटा घेऊ नये. गावे वाढतात आणि फाटे सरकतात.

कोरडा मुलूख वाचणे

या शीट तयार करणाऱ्यांची पद्धत लक्षात घेतल्याशिवाय त्या नीट वाचता येत नाहीत. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि त्या त्रिकोणांचे जाळे पुढे दख्खनवर पसरले. त्या ठाम बिंदूंच्या आधाराने सर्वेक्षक तिपाईवर प्लेन टेबल मांडून, डोंगरमाथ्यांकडे रेषा धरून, मधला तपशील जागेवरच कागदावर उतरवीत. लडाखच्या शीत वाळवंटात १८५० च्या दशकात ब्रिटिश सर्वेक्षक माँटगोमेरींच्या तुकडीने काम केले तेही याच तंत्राने. झाडी नसलेल्या उंच प्रदेशात या तंत्राला मोठा फायदा मिळतो, कारण दूरवरचे माथे स्वच्छ दिसतात. म्हणून माणदेशाच्या जुन्या शीटवरील माथे, कडे आणि खिंडी यांच्या जागा विश्वासार्ह असतात. दोन माथ्यांमधील उथळ ओघळींचे तसे नाही. तेथे थोड्या ठिकाणची उंची क्लिनोमीटरने (उताराचा कोन मोजण्याच्या साधनाने) काढून मधल्या समोच्च रेषा सर्वेक्षकाने नजरेने ओढलेल्या असत. हवाई छायाचित्रांवरून केलेल्या नंतरच्या शीटमध्ये हा भाग सुधारला. तेव्हा ओघळीच्या डोक्याकडील टोक दोन शीटमध्ये वेगळे दिसले, तर ओघळ सरकली असे लगेच म्हणू नये.

बेसाल्टच्या थरांमुळे येथील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. समोच्च रेषा काही ठिकाणी एकमेकींना चिकटतात, मग मोकळी पट्टी येते, मग पुन्हा चिकटतात. त्या मोकळ्या पट्ट्या कोरड्या मुलखात फार महत्त्वाच्या. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते आणि तेथेच जुनी वाडी, विहीर किंवा देवस्थान आढळण्याचा संभव अधिक. पट्ट्यांवर पेन्सिलीने खुणा करून मग विहिरींची चिन्हे पाहावीत. चित्र पुष्कळसे उलगडते.

पाण्याच्या रंगाकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा. भारतीय सर्वेक्षणाच्या रंगीत शीटवर बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पात्र काळ्या रेषेत दाखवतात. मोजणीचा हंगाम साधारणपणे पावसाळा उलटल्यानंतरचा असे. त्यामुळे माणच्या शीटवर काळ्या ओढ्यांच्या जाळ्यात कोठे निळा तुकडा दिसला, तर त्याचा अर्थ तेथे कोरड्या दिवसांतही पाणी होते असा घ्यावा. असा प्रत्येक तुकडा संगणकावर वेगळ्या थरात (लेयरमध्ये) रेखाटावा. ओढ्याच्या काठावर एखादा आकडा आणि त्यापुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर असते. ती त्या काठाची सापेक्ष उंची होय, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. जुन्या आणि नव्या शीटवर हा आकडा एकाच जागी मिळाला, तर पात्र किती खचले याचा अंदाज बांधता येतो. मात्र एक आकडा फुटांत आणि दुसरा मीटरमध्ये असू शकतो, ते समासात पाहून घ्यावे.

पाण्याच्या खुणा काळाशी ताडून पाहण्यासाठी राजेवाडीचा तलाव चांगला नमुना आहे. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावून दहिवडी आणि म्हसवडवरून पुढे जाते, आणि तिच्यावर ब्रिटिश काळात बांधलेला हा तलाव सातारा व सांगली यांच्या सीमेवर आहे. त्याला म्हसवड तलाव असेही म्हणतात. शीटवर आधी भिंतीची रेघ शोधावी. मग पाण्याच्या कडेची रेषा पूर्ण निळी आहे की काही भाग तुटक किंवा काळा आहे, हे भिंगाने पाहावे. मग त्या कडेला लागून जाणाऱ्या समोच्च रेषेची उंची वाचावी. दोन काळांच्या शीटवर पाण्याचे क्षेत्र बहुभुज काढून मोजले, तर येणारा फरक गाळाचा आहे असे मात्र समजू नये. सर्वेक्षक कोणत्या महिन्यात आणि कशा पावसाच्या वर्षी तेथे होता, यावर तो अधिक अवलंबून असतो. गाळाविषयी बोलायचे तर वरच्या टोकाला, नदी तलावात शिरते तेथे, पात्राचे फाटे कसे बदलले ते पाहावे.

नेर आणि मायणी हे तलावही ब्रिटिश काळातील असल्याने विसाव्या शतकातील शीटवर ते दिसतात. १९७२ च्या दुष्काळानंतर झालेले पाझर तलाव, नाला बंडिंग आणि येरळवाडी किंवा आंधळी यांसारखी धरणे मात्र त्याआधीच्या मोजणीत नसतात. शीटचे साल फाटून गेले असेल, तर याच गोष्टींवरून काळ ठरवता येतो.

पिवळा रंग म्हणजे लागवड, पांढरा म्हणजे पडीक किंवा माळ. या सीमेवर मी फारसा भर देणार नाही. शाळू निघून गेलेले रान आणि दोन वर्षे न नांगरलेला माळ उन्हाळ्यात दुरून सारखेच दिसतात.

राजकीय सीमांचा गोंधळ येथे नेहमीपेक्षा मोठा आहे. १९४८ पूर्वीच्या शीटवर आटपाडी औंध संस्थानात, जत स्वतंत्र संस्थानात आणि फलटण तिसऱ्याच संस्थानात दिसेल. खानापूर, तासगाव आणि वाळवा सातारा जिल्ह्यात असतील. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. गावांची नावे रोमन लिपीत हंटर पद्धतीने, म्हणजे उच्चारानुसार ठरलेल्या अक्षरांनी, लिहिलेली असल्याने वाडीचे नाव ओळखताना ती आधी मोठ्याने वाचून पाहावीत.

शेजारी ठेवण्याची साधने

अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ या काळातील चित्रे १९९५ मध्ये खुली झाली आणि ती अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर मिळतात. झाडीविरहित कोरड्या प्रदेशात ती अप्रतिम काम देतात. पायवाटा, बांध आणि मेंढरांच्या वाटा स्वच्छ पांढऱ्या दिसतात. भूमी अभिलेख कार्यालयातील गावनकाशा हे दुसरे साधन. तो ३३ फुटांच्या साखळीने झालेल्या मोजणीवर उभा आहे (३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे आपला गुंठा) आणि शेतांच्या हद्दी, पाणंद व ओढे यांत तो टोपोशीटपेक्षा कितीतरी बारीक असतो. उंचीविषयी मात्र तो काहीच सांगत नाही. बॉम्बे गॅझेटिअरचा १८८५ चा सातारा खंडही उघडून ठेवावा, त्यात तलाव, रस्ते आणि घाटांची वर्णने आहेत.

शिवारात

पडताळणीला डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. ऊन सोसते आणि ओढे चालत ओलांडता येतात. जुळवलेली शीट मोबाइलवरील नकाशाप्रणालीत टाकून न्यावी, शिवाय कागदी प्रत जवळ असावी, कारण डोंगराआड नेटवर्क जाते.

पहिली भेट त्रिकोणाचे चिन्ह असलेल्या माथ्याला, म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या ठाम बिंदूला, द्यावी. खडकात कोरलेले वर्तुळ आणि मध्यबिंदू सापडला, तर तेथील जीपीएस नोंद सर्व जुळवणीची कसोटी ठरते. जुन्या पुलांच्या कठड्यावर किंवा मंदिराच्या जोत्यावर तलचिन्हाची, म्हणजे मोजलेल्या उंचीच्या जागेची, कोरीव खूणही मिळू शकते. उंची तपासताना एक खबरदारी घ्यावी. जीपीएसचा कच्चा आकडा लंबगोलापासूनचा असतो आणि आपल्या भागात तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरांहून अधिक कमी येतो. शीटवर २,५०० फूट, म्हणजे ७६२ मीटर, असलेला माथा मोबाइलवर सातशेच्या आसपास दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. प्रणालीत दुरुस्ती चालू आहे की नाही, तेवढे तपासावे.

त्यानंतर निळ्या तुकड्यांकडे जावे. तेथे विहीर, कुंड, ओल किंवा निदान करंज-उंबरासारखी झाडी आहे का, ते नोंदवावे. धनगर मेंढपाळांना अवश्य विचारावे, कारण कोणत्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी टिकत असे, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. विचारताना शीटवरील नाव आधी सांगू नये. ‘आबा, हे पाणी नकाशात आहे, बरोबर ना?’ असे विचारले की उत्तर होकारार्थीच येते. ‘आबा, या ओढ्याला काय म्हणता? उन्हाळ्यात मेंढरं कुठं पाजायचा?’ असे विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच शब्दांत लिहावे.

नोंद ठेवणे

प्रत्येक रेखाटलेल्या वस्तूसोबत शीटचा क्रमांक, मोजणीचे साल, जुळवणीतील सरासरी चूक आणि जागेवर पडताळले की नाही, या चार गोष्टी गुणधर्म-तक्त्यात लिहाव्यात. न सापडलेली वस्तू पुसून टाकू नये, ‘जागेवर आढळली नाही’ असे नोंदवावे. पाझर तलावाखाली गेलेली विहीर किंवा गटवारीनंतर नांगरली गेलेली पाणंद पुढे कोणाला तरी हवी असते.

हा थर ग्रामपंचायतीला किंवा पाणलोट समितीला देताना त्यावर प्रमाण ठळकपणे छापावे. इंचाला मैल या प्रमाणाच्या शीटवरून काढलेली रेघ जमिनीवर तीस मीटर इकडेतिकडे असू शकते, म्हणजे ती ओढ्याचे उपचार कोठे करावेत हे ठरवायला पुरते, पण दोन भावांमधील बांध ठरवायला नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणीचा अर्जच द्यावा लागतो.